झिपऱ्याचे केस

पोशीला किळस फार. साखरशेताच्या वरच्या पाड्यावर बायका तिला चिडवत, की ही पाणीसुद्धा धुऊन पिईल. चूल सारवल्याशिवाय ती पेटवायची नाही. ओटीवर कोंबडी चढली तर तिला हाकलून तेवढी जागा पुन्हा शेणाने पुसून घ्यायची. नवरा रानातून आला की आधी ओढ्यावर जाऊन अंग धुवायचं, मग भाकरी. ढवळू बिचारा मुकाट जायचा. तिच्या घरात पाऊल टाकायची मुभा असलेलं एकच जनावर होतं, ते म्हणजे भुरी मांजर. मांजर स्वतःचं स्वतः चाटून स्वच्छ राहतं, घाण केली तर मातीने झाकतं आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कणगीला उंदीर लागू देत नाही. कुत्र्याचं मात्र तिला तोंड बघवत नसे. कुत्रं काय काय खातं ते तिने पाहिलं होतं, आणि खाऊन झाल्यावर तेच तोंड माणसाच्या हाताला लावतं, तेही पाहिलं होतं.

अशा बाईच्या दारात, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, मानकऱ्याचा शिपाई सोम्या कुत्रा घेऊन उभा राहिला.

दिल्लीत इंग्रज बादशहाचा दरबार भरला ते साल. जव्हारला तेव्हा संस्थान होतं, आणि पाड्यापाड्यांवरच्या लोकांकडून बडी मंडळी वेठ करून घेत. कुणी लाकूड वाहायचं, कुणी गवत कापून द्यायचं, कुणी डोली उचलायची. मजुरीचं नाव काढायचं नाही. साखरशेत ज्याच्याकडे होतं त्या मानकऱ्याला शिकारीचा नाद होता. नाद म्हणजे काय, तर वर्षातून एकदा दसरा झाल्यावर बंदूक बाहेर काढायची, पाड्यावरच्या बाप्यांनी रान हाकायचं आणि याने मचाणावर बसून पान खायचं. पण शिकारीला विलायती कुत्रा पाहिजे, म्हणून मुंबईच्या कुणा गोऱ्याकडून एक आणला होता. तांबूस रंग, जमिनीला टेकतील असे कान, आणि अंगावर रेशमासारखे हातभर लांब केस. लोकांनी त्या केसांना हात लावून बघावं आणि तोंडात बोट घालावं, एवढ्याचसाठी तो आणलेला. पुढे केस घरभर उडायला लागले, बाईसाहेबांना शिंका यायला लागल्या, आणि हुकूम सुटला की दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत कुत्रा पाड्यावर कुणीतरी सांभाळावा. तीही वेठच.

सोम्याने हुकूम पाठ केले होते. ते त्याने ओटीवर न बसताच म्हणून दाखवले. "रातदिस बांधून ठेवायचा. भात, तूप आन मटण घालायचं, नागली घालायची नाय. आन केसांना कातर लावायची नाय. सरकार म्हंतात, कुत्रा म्हंजे त्याचे केस. नाव प्रिन्स."

ढवळूने विचारलं, "आन काय झालं त्याला तर?"

सोम्या म्हणाला, "तुकाला विचार."

तुकाला विचारायची गरज नव्हती. मानकऱ्याचा आधीचा कुत्रा असाच वावर गावच्या तुकाकडे होता. हुकमाप्रमाणे तुकाने तो रात्रंदिवस अंगणात साखळीला बांधून ठेवला, आणि पौषात बिबळ्या येऊन त्याला घेऊन गेला. साखळी तेवढी राहिली. आता मालकाचं जनावर मेलं तर त्याचं कातडं, शिंगं, निदान शेपूट तरी नेऊन दाखवायचं, हा वेठीचा जुना रिवाज. दाखवायला काही नसेल तर जनावर तुम्ही खाल्लं किंवा विकलं. तुका बिबळ्याच्या पोटातून कातडं कुठून आणणार? त्याचं शेत गेलं. आता नवराबायको खोडाळ्याला दुसऱ्याच्या बांधावर राबत होती.

ढवळूचं माळावरचं शेत त्याच्या आजाने झाडं तोडून, दगड वेचून केलेलं. वर्षाची नागली तिथेच पिकायची. ते गेलं तर पाड्यावर राहायला कारणच उरत नव्हतं. हे ढवळूला कळत होतं आणि पोशीलाही. तिने नाकाला पदर लावला आणि साखळी हातात घेतली.

प्रिन्स हे नाव पाड्यावर कुणाच्या तोंडात बसेना. दोन दिवसांत त्याचा झिपऱ्या झाला.

हुकूम मोडायला पोशीने पहिल्याच संध्याकाळी सुरुवात केली. अंगणात बांधायचा तर तुकाचीच गत. तिने कुत्रा घरात घेतला, चुलीच्या पलीकडे बांधला, आणि त्याच्या ओल्या अंगाचा वास पहिल्यांदा घरात भरला तेव्हा तिला जेवण गेलं नाही. मळलेल्या गोणपाटाचा असावा तसा वास. कुत्रा मात्र खूश होता. शेपटीने सारवलेली जमीन झाडत होता आणि तिच्याकडे सरकत होता.

"लांब हो," पोशी म्हणाली. "लांब हो, मेल्या."

तो उठला, एक हात मागे गेला आणि पुन्हा बसला. ती चुलीकडे वळली की पुन्हा सरकायचा. पुन्हा "लांब हो". पुन्हा एक हात मागे. भुरी कणगीवर बसून हे सगळं डोळे बारीक करून बघत होती.

दुसरा हुकूम तुपाने मोडायला लावला. मानकऱ्याकडून तुपाचं मडकं आलं होतं. तूपभात आणि घरच्या कोंबड्याचं मटण खाऊन झिपऱ्याचं पोट असं सुटलं, की तीन दिवस पोशी राख टाकून टाकून, पुसून पुसून हैराण झाली. केसांत घाण अडकायची, वाळायची, तिचे गोळे व्हायचे. वर शेपूट हलवून ती भिंतीला लावायचा. पोशी रडायची आणि पुसायची. चौथ्या दिवशी तिने तुपाचं मडकं सोम्याच्याच बायकोला देऊन टाकलं आणि कुत्र्यापुढे नागलीची पातळ पेज ठेवली. त्याने ती चाटूनपुसून खाल्ली. पोट जागेवर आलं. मग कधी पेजेत सुक्या मासळीचं डोकं, कधी ताकाचं पाणी. कोंबड्याचं शिजलेलं हाड मात्र ती त्याला देत नसे. एकदा ते घशात अडकलं होतं आणि तिला मनगटापर्यंत हात त्याच्या तोंडात घालावा लागला होता. बाहेर आलेल्या हाताला जे लागलं होतं ते धुवायला तिने शेर-अर्धा शेर राख संपवली. कुत्र्याने मोठ्या कृतज्ञतेने तोच हात चाटला.

हिवाळा असा गेला. चैत्रात मोहाची फुलं वेचून अंगणात वाळत घातली, तर झिपऱ्याने दोरी सोडवून घेतली आणि पोट फुटेस्तोवर ती खाल्ली. मग चार पायांवर उभं राहता येईना. डोलत डोलत तो ओटीवर आला आणि पोशीच्या नव्या लुगड्यावर ओकला. पाड्यावरचे बाप्ये हसून हसून लोळले. आंबूस वासाचा तो पिवळा लगदा तिने ओढ्यात धुतला आणि धुताना स्वतःही ओकली. त्या लुगड्याला पुढे तिने हात लावला नाही.

वैशाखात मोखाड्याच्या बाजूने एक पिसाळलेलं कुत्रं फिरत आल्याची बातमी आली. खाली गावात एका म्हशीला चावलं होतं, म्हैस लाळ गाळत, दावं चावत मेली. पोशीने पंधरा दिवस झिपऱ्याला आणि भुरीला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. उकाड्यात केसांच्या त्या गोधडीखाली झिपऱ्या जीभ बाहेर काढून धापा टाकत पडायचा. ती सारवलेल्या जमिनीवर पाणी शिंपडून त्याला त्या ओलीवर झोपवायची आणि पिण्याचं पाणी दिवसातून तीनदा बदलायची. "मरशील तर माझं शेत घेऊन मरशील," असं ती त्याला बजावायची. खाली गावातली तीन कुत्री त्या पंधरवड्यात मारावी लागली. हिच्या घरातली दोन्ही जनावरं वाचली.

पण खरी घाण अजून यायची होती. ती पावसाबरोबर आली.

आषाढात महिनाभर सूर्य दिसला नाही. झिपऱ्याचे ते हातभर केस एकदा भिजले की वाळायचं नाव घेईनात. त्यांचा चिखलाने लगदा झाला. लगद्यात गोचीड शिरले आणि रक्त पिऊन करवंदाएवढे फुगले. पोशी रोज चिमट्याने ते काढायची, निखाऱ्यावर टाकायची, आणि ते तडतड फुटून घरभर जो वास सुटायचा त्याने तिला मळमळायचं. शंभर काढले की दुसऱ्या दिवशी दीडशे. मग एका सकाळी तिने भुरीच्या कानामागे एक गोचीड बघितला आणि तिचं डोकं फिरलं.

शेजारची हौशी म्हातारी गुरांची दवा जाणायची. तिने सांगितलं, "तमाखू उकळ पाण्यात. थोडी चुन्याची निवळी टाक. चोळ अंगाला. सगळे गळून पडतील."

गुरांवर चालतं ते कुत्र्यावर चालेल, कुत्र्यावर चालतं ते मांजरावर. पोशीने सरळ हिशोब केला. तिने दोघांनाही चोळून काढलं. झिपऱ्या शिंकला, त्याने अंग झाडलं, आणि तो पेजेची वाट बघत बसला. भुरी कणगीवर गेली आणि तिच्या सवयीप्रमाणे स्वतःला चाटून स्वच्छ करायला लागली. पाठ, पोट, पाय, पंजाने कानामागचं सुद्धा. एक केस तिने सोडला नाही.

दुपार व्हायच्या आत भुरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. अंग थरथरायला लागलं, मागचे पाय गेले. पोशीने तिला धुतलं, ताक पाजून बघितलं, मांडीवर घेतलं. मांजर तिच्या मांडीवर, तिच्याच लुगड्यावर घाण करून मेलं. आयुष्यात भुरीने तेवढी एकच घाण न झाकता केली.

ज्या गुणासाठी पोशीने तिला घरात घेतलं होतं त्या गुणानेच ती मेली, आणि विष लावलं होतं पोशीनेच. हे तिला कळायला वेळ लागला नाही. तिला स्वतःच्या हातांचा, त्यांना येणाऱ्या तंबाखूच्या वासाचा संताप आला. रडायला बसावं तर समोर झिपऱ्या पुढचा पाय चाटायला लागलेला. तिने धावत जाऊन त्याला पावसात ओढलं, रिठ्याने दोनदा धुतलं. मग कोंबड्या झाकायची एक जुनी टोपली घेतली, तिचा तळ कापून टाकला आणि ती त्याच्या गळ्यात अडकवली, म्हणजे तोंड अंगापर्यंत पोचायला नको. आठ दिवस तो टोपलीतून डोकं काढून खांबांना आपटत फिरला. हौशी म्हातारी म्हणाली, "आता याला घुंगरू बांध, तारप्याच्या सुरावर नाचंल." पोशीला हसू आलं नाही. रात्री कणगीत उंदीर खुडबुडत होते.

श्रावण लागला आणि झिपऱ्या कान झटकायला लागला. मग खाणं सोडलं. मग वास यायला लागला. पोशीने नाक धरून त्याच्या कानाखालचा केसांचा गठ्ठा बाजूला केला आणि तशीच मागे सरकली. खाली कातडी नव्हती. पांढऱ्या अळ्या होत्या, एकमेकींवरून सरकणाऱ्या, आणि त्यांच्या मधून पाणी झिरपत होतं. काखेत तसंच. मांडीत तसंच. वरून मात्र ते रेशमी केस, ज्यांना कातर लावायची नाही.

ती अंगणाच्या कडेला जाऊन ओकली, तोंड धुतलं, आणि विळा दगडावर घासायला बसली.

ढवळू घाबरला. "कापू नको. हुकूम हाय."

"किड्यांना सांग हुकूम."

"शेत जाईल आपलं."

"मेला तर नाय जाणार?" पोशी म्हणाली. "धर त्याचं डोकं. आन तिकडं बघ, माझ्याकडं बघू नको."

दोन दिवस ती कापत होती. केस सुटे येत नव्हते. खपल्यांसकट, गोचिडांसकट, मेलेल्या-जिवंत अळ्यांसकट त्यांचे चामड्यासारखे तुकडे निघत होते. बाभळीच्या काट्याने तिने एकेक अळी वेचली. सीताफळाचा पाला वाटून जखमांत भरला, त्याचा रस झिपऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याच्या कपाळाला फडकं बांधलं, जखमांवर करंजाचं तेल लावलं आणि गळ्यात पुन्हा टोपली चढवली. कुत्रा कण्हला पण चावला नाही. तिच्या दंडावर डोकं टेकून राहिला, आणि तोंडाची लाळ तिच्या कोपरावरून खाली गळत राहिली. ती पुसायलाही तिला हात मोकळा नव्हता. शेपटीचा टोकाचा झुबका तेवढा स्वच्छ होता, तो तिने ठेवला.

कापलेला एकूण एक केस तिने एका टोपलीत भरला.

"हे काय?" ढवळूने विचारलं. "ही घाण फेक ओढ्यात."

"मालकाची चीज हाय. तुकाकडं दाखवायला कातडं नव्हतं," पोशी म्हणाली.

जिला कोंबडीचं पाऊल ओटीवर चालत नसे तिने ती टोपली माळ्यावर, चुलीच्या वरच्या धुरात टांगली. धुराने अळ्या वाळल्या, वास मात्र गेला नाही. रोज भाकरी थापताना तो वास खाली यायचा. पहिले चार दिवस पोशी नुसतं पाणी पिऊन राहिली.

झिपऱ्या मात्र भाद्रपदात बरा झाला. कातडी भरून आली, तिच्यावर आखूड, तुकतुकीत केस आले. अंग हलकं झालं तसा तो धावायला लागला. कणगीखालची घूस त्याने मारली आणि पोशीच्या पायाशी आणून ठेवली. "लांब हो," ती किंचाळली. तो एक हात मागे गेला, बसला आणि ऐटीत बघत राहिला. दिवसभरात ती ते इतक्या वेळा म्हणायची, की बाकीचं काही त्याला कळत नसलं तरी "लांब हो" म्हटलं की एक हात मागे जायचं आणि बसून तिच्याकडे बघायचं, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. त्याहून लांब तो जायचा नाही. तीही सांगायची नाही. हौशी म्हातारीने एकदा विचारलं, "जीव लागला काय गं कुत्र्यावर?" पोशीने नाक मुरडलं. "त्याच्या तोंडाचा वास घेतलाय का तू कधी?"

दसरा आला. माळावरची नागली कणसांनी भरली होती. चौथ्या दिवशी मानकरी घोड्यावरून पाड्यावर आला. मागे सोम्या, बंदूक वाहणारा एक माणूस आणि पानाचा डबा. नवसू पाटलाने ढवळूच्या ओटीवर कांबळं घातलं. पाडा गोळा झाला. ढवळूने दोरी धरून झिपऱ्याला पुढे आणलं.

मानकऱ्याने बघितलं आणि रुमाल नाकाला लावला.

"हे काय? प्रिन्स कुठे आहे?"

"हाच, सरकार."

"प्रिन्स!" मानकऱ्याने हाक मारली. "प्रिन्स! कम!"

झिपऱ्याने कान खाजवला. त्याला त्या नावाची ओळख उरली नव्हती. तो पोशीपासून एक हातावर जाऊन बसला.

"असलं गावठी कुत्रं माझ्यापुढे आणता? माझ्या कुत्र्याचे केस बघायला जव्हारात माणसं थांबत होती. मारलास ना त्याला? का विकलास?" मानकरी सोम्याकडे वळला. "तू ओळखतोस याला?"

सोम्या तो कुत्रा वर्षभरात दहादा बघून गेला होता. पाड्यावर येऊन त्याने त्याच्या पाठीवर थापही मारली होती. तो आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत म्हणाला, "सांगता येत नाय, सरकार."

पोशीला गोचिडांची आली नव्हती एवढी किळस त्याची आली.

"पाटील," मानकरी म्हणाला, "याचं माळावरचं शेत उद्यापासून दुसऱ्या कुणाला द्या. माझ्या चिजेची ज्याला कदर नाही त्याला माझी जमीन कशाला?"

ढवळूने हात जोडले. पोशी आत गेली. माळ्यावर चढली, टोपली काढली, बाहेर आली आणि मानकऱ्याच्या पायांपुढे, त्या स्वच्छ कांबळ्यावर, ती उपडी केली.

आधी वास पसरला. पुढचे लोक मागे सरले. मग लोकांना दिसलं की काय पडलंय: धुराने काळवंडलेले तांबूस केसांचे तुकडे, त्यांना चिकटलेल्या खपल्या, वाळून तांदळासारख्या झालेल्या अळ्या, सुकून टणक झालेले गोचीड. एक गोचीड घरंगळत मानकऱ्याच्या बुटाला लागला. तो ताडकन उठला आणि तोंड फिरवून थुंकला.

"हे तुमचे केस, सरकार," पोशी म्हणाली. "एक बी फेकला नाय. वर रेशीम आन खाली किडे, असं होतं. ते कापलं म्हनून कुत्रा जिता हाय. नाय तर ह्या टोपलीत आज त्याचं कातडं असतं, आन मंग तुमी त्याला ओळखलं असतं. त्याची शेपूट बघा पाटील, ती ठेवलीय मी. लावून बघा."

नवसू पाटील दोन्ही बाजूंना सांभाळून राहणारा माणूस. पण सगळा पाडा बघत होता. त्याने काठीच्या टोकाने त्यातल्या त्यात स्वच्छ अशी एक बट उचलली, झिपऱ्याच्या शेपटीच्या झुबक्याजवळ धरली आणि घसा खाकरला.

"सरकार, रंग एकच हाय. पोतही एकच." मग अंदाज घेऊन म्हणाला, "असला कुत्रा आमच्या मुलखात दुसरा नाय."

सोम्यालाही आता धीर आला. "तोच वाटतो, सरकार. तोच हाय."

लोकांत कुजबूज झाली. पोशी सरळ उभी होती. वर्षभरात पहिल्यांदा ती घाण तिला गोड वाटली. तिने ढवळूकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शेत राहणार होतं.

मानकऱ्याने रुमाल नाकावर आणखी घट्ट दाबला. "माझा नाही" म्हणायची सोय उरली नव्हती. शेवटी तो चिडून म्हणाला, "ठीक आहे. माझाच आहे. शेत राहू दे याच्याकडे. सोम्या, घे तो कुत्रा. यंदा शिकारीला नेता येणार नाही, असलं ध्यान घेऊन मी चारचौघांत फिरू? घरामागे अंगणात बांधून ठेव. साखळीने. केस पुरते वाढेपर्यंत सोडायचा नाही."

तेव्हा पोशीला कळलं की तिने काय केलंय. मानकरी "हा माझा नव्हे" म्हणत होता. चारचौघांत, पाटलापुढे म्हणत होता. तिनेच आत जाऊन, टोपली आणून, एकेक केस दाखवून तो त्याचा ठरवून दिला.

"सरकार," ती पुढे झाली, "बांधू नका त्याला. बिबळ्या येतो. तूप घालू नका. आन पावसात केस कापा त्याचे, कानात बघत जा, नाय तर पुन्हा..."

"शेत मिळालं ना?" मानकरी घोड्यावर चढत म्हणाला. "मग तोंड आवर."

सोम्याने दोरी ओढली. झिपऱ्या उठेना. त्याने चारही पाय जमिनीत रोवले आणि पोशीकडे बघत, तिच्यापासून एक हातावर, तसाच बसून राहिला. सोम्याने पुन्हा ओढली. दोरी गळ्यात रुतली आणि कुत्र्याला ठसका लागला. मानकऱ्याने घोड्यावरूनच चाबूक सोम्याकडे टाकला. सोम्याने तो उचलला.

"मारू नको," पोशी म्हणाली. मग तिने झिपऱ्याकडे बघितलं. "लांब हो," ती म्हणाली.

झिपऱ्या लगेच उठला, एक हात मागे गेला आणि बसला.

"लांब हो, झिपऱ्या."

आणखी एक हात. पुन्हा बसला, पुन्हा तिच्याकडे बघितलं. शेपटीचा झुबका हलवत होता. त्याला वाटलं असेल की आपण बरोबर करतोय.

"लांब हो."

असं करत करत तिने त्याला अंगणाच्या टोकापर्यंत नेलं, करवंदीच्या कुंपणापर्यंत नेलं. सोम्याला दोरी ओढावी लागली नाही, चाबूकही लागला नाही. कुंपणाच्या वळणावर तो दिसेनासा झाला, आणि ती तिथेच उभी राहून दोनदा आणखी म्हणाली, ऐकणारं कुणी नसताना.

लोक पांगले. केसांचा ढीग कांबळ्यावर तसाच पडला होता. ज्याच्यासाठी ठेवला होता त्याने तो नेला नाही. ढवळू जवळ आला आणि हळूच म्हणाला, "शेत राहिलं गं आपलं."

पोशी ओढ्यावर गेली आणि मूठभर राख घेऊन हात घासायला बसली. हातांना आता कसलाच वास नव्हता, तरी ती घासत होती. गोचीड, अळ्या, ओकारी, सगळ्याची तिला वर्षभर किळस आली होती, पण आज स्वतःची आली तेवढी कशाचीच आली नव्हती. ढवळू भाकरीला बोलवायला आला तेव्हाही तिचे हात पाण्यातच होते.